जळक्या ऑईलचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विम्यावर झाले, ज्वारीच्या खरेदीवर झाले. आता जेवणाआधीचा अर्धा तास आमच्या वाट्याला आला आहे आणि विषय आहे जळके ऑईल. ट्रॅक्टरच्या, इंजिनाच्या, मोटारसायकलच्या पोटातून काढलेले काळे ऑईल. मागच्या रांगेत काही जण हसले, ते आम्ही पाहिले. हसा. दहा-बारा वर्षांपूर्वी हा विषय कोणी मांडला असता तर आम्हीही हसलो असतो. पुढे हसू का थांबले, ते आधी सांगतो.

२०१३ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. २०१२ चा पाऊस हुकलेला, मराठवाड्यात मार्चपासूनच टँकर फिरू लागलेले. आमच्या गावातल्या बहुतेक विहिरी कोरड्या पडल्या होत्या. आमच्या विहिरीला मात्र थोडे पाणी टिकून होते. शेजारची पंधरा-वीस घरे तेच पाणी शेंदत होती. आम्हाला त्याचा थोडा अभिमानही होता.

विहिरीपासून चाळीसेक पावलांवर एक कडुलिंब आहे. सावली चांगली, म्हणून ट्रॅक्टर तिथे उभा राहायचा आणि ऑईल बदलायचे कामही तिथेच चालायचे. बुंध्याजवळ एक खड्डा केलेला होता. नट काढला की ऑईल खड्ड्यात. चार-पाच वर्षे हेच चालले. आम्ही कृषी पदवीधर, गावोगाव माती परीक्षणावर बोलणारे. पण तो खड्डा आमच्या डोळ्यांना कधी दिसला नाही.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. गावाने आनंद केला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आजीने बादली वर काढली, तर पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी चकाकी आणि वास ऑईलचा. आमच्या बैलांनी हाळात तोंड घातले, फुरफुर केले आणि मान फिरवली. आजी फार बोलली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘बाबा, तू तर शेतीचं कालेज शिकला ना? मग हिरीचं कसं नाही शिकला?’’

त्या दिवशी टँकर बंद होऊन आठवडाही झाला नव्हता. पंधरा-वीस घरांच्या बायका पुन्हा घागरी घेऊन दूर जाऊ लागल्या. आम्ही दोन वेळा विहीर उपसली, गाळ काढला, खड्ड्यातली दोन गाड्या काळी चिकट माती उकरून बाहेर काढली. तरी पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात थोडी चकाकी परत दिसलीच. कोणी आमच्यावर फिर्याद केली नाही, भांडणही केले नाही. पण तेव्हापासून हा विषय आमच्या हसण्याचा राहिलेला नाही.

काळ्या मातीच्या भेगा

ऑईल चाळीस पावले चालत विहिरीत कसे गेले? इथे आपल्या मातीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यातली चिकणमाती पाणी मिळाले की फुगते, वाळली की आकसते. म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात. हात घातला तर खांद्यापर्यंत जाईल, अशा भेगा तुम्ही पाहिल्या आहेत. आपण म्हणतो, काळी माती चिवट आहे, तिच्यातून काही खाली जात नाही. ओली असताना ते बरेचसे खरे. पण एप्रिल-मे महिन्यांत तीच माती चाळणीसारखी उघडी असते. ट्रॅक्टरचे ऑईल आपण नेमके कधी बदलतो? नांगरटी संपल्यावर आणि पेरणीच्या तोंडावर. म्हणजे भेगा सर्वांत मोठ्या असतात तेव्हाच.

भेगेतून ऑईल मुरमात जाते. मुरमाखाली खडकाच्या सांधी. आपल्या विहिरींचे पाणी याच मुरमात आणि सांधींत असते. वरून पावसाचे पाणी आले की ते ऑईलला सोबत घेते. मग अंतर चाळीस पावलांचे असो की शंभर, प्रश्न फक्त वेळेचा उरतो.

किती ऑईलने किती पाणी खराब होते? अमेरिकेचे पर्यावरण खाते लोकांना समजावताना एक हिशेब सांगते. एका गाडीतून एका वेळी निघणारे ऑईल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी बिघडवू शकते. आता आपली विहीर घ्या. वीस फूट व्यास आणि दहा फूट पाणी असेल तर ते भरते साधारण ९० हजार लिटर. म्हणजे अशा चाळीस विहिरी. बिघडले याचा अर्थ पिणारा लगेच मरेल असा नाही. पण ते पाणी माणसाच्या आणि जनावराच्या तोंडी लावण्यासारखे राहत नाही.

जमिनीचे काय? जिथे ऑईल सांडते तिथे मातीच्या कणांवर तेलाचा थर बसतो. पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, बी रुजत नाही. मातीतले जिवाणू हे तेल खाऊ शकतात, पण सावकाश. आणि ते खाताना त्यांना नत्र लागते. ते नत्र ते पिकाच्या वाट्याचे घेतात. म्हणून अशा जागेवरचे पीक पिवळे पडलेले दिसते. तेल सरले तरी त्यातले धातू मातीतच राहतात.

ऑईलमध्ये असते काय

नवे ऑईल म्हणजे खनिज तेल आणि त्यात मिसळलेली काही औषधे. झीज कमी व्हावी, काजळी धरून ठेवावी, गंज लागू नये यासाठी जस्त, स्फुरद, कॅल्शियम यांची संयुगे त्यात असतात. इंजिनात फिरता फिरता त्यात काजळी मिसळते, न जळलेले डिझेल मिसळते, पाणी मिसळते, आणि बेअरिंग व रिंगा झिजून लोखंड, तांबे, क्रोमियम, शिसे यांचे बारीक कण मिसळतात. पेट्रोलच्या गाड्यांच्या ऑईलमध्ये पूर्वी शिसे फार असायचे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून ते कमी झाले. पण जळताना तयार होणारे काही घातक पदार्थ आजही ऑईलमध्ये साठतातच. उंदरांच्या कातडीवर जळके ऑईल वारंवार लावले, तेव्हा त्यांना त्वचेचा कर्करोग झालेला प्रयोगांत दिसला आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, तिने तुमचे पैसे वाचतील. डिझेल इंजिनात नवे ऑईल टाकले की थोड्याच तासांत ते काळे होते. पुष्कळ जण रंग पाहून ते बदलून टाकतात. काळे झाले म्हणजे संपले असे नाही. काजळी इंजिनाला चिकटू न देता स्वतःत धरून ठेवणे हेच त्या ऑईलचे काम आहे. रंगावर जाऊ नका, तासांवर जा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात किती तासांनी बदलायचे ते लिहिलेले असते. बहुतेक नव्या ट्रॅक्टरांना ते २५० तासांच्या आसपास असते. धुळीत फार काम असेल तर थोडे आधी बदला. पण ऑईल दुधासारखे पांढरट दिसले तर तासांची वाट पाहू नका. पाणी आत शिरले आहे, मिस्त्री गाठा.

आपल्या घरचे ‘औषध’

आता कोणी म्हणेल, आम्ही ऑईल फेकत नाही, वापरतो. खरे आहे. आपल्याकडे जळके ऑईल म्हणजे शंभर दुखण्यांवरचे औषध. तेव्हा एकेक औषध तपासू या.

पहिले, बैलाची खांदेसूज. जू घासून खांदा सोलतो, त्यावर काळे ऑईल चोपडतात. माशी बसत नाही म्हणून बरे वाटते. पण उघड्या जखमेतून घातक पदार्थ अंगात जातात आणि बैल चाटतो ते पोटात जाते. जनावरांनी जळके ऑईल चाटून त्यांना शिशाची विषबाधा झाल्याच्या नोंदी पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. खांदा स्वच्छ धुवा, बैलाला विश्रांती द्या, डॉक्टरांचे मलम लावा, जू नीट करा. गोचिडावरही तेच. गोचीड मरतो, पण गाय अंग चाटते आणि तिचे दूध आपले लेकरू पिते.

दुसरे, वाळवी. खांब, मेढी, चौकटींना ऑईल लावतात. वास आहे तोवर वाळवी लांब राहते, हे आम्ही नाकारत नाही. पण जमिनीतले वारूळ त्याने मरत नाही. दोन पावसांत ऑईल धुऊन मातीत उतरते आणि वाळवी परत येते. खांबाचा जमिनीतला भाग दगडावर किंवा सिमेंटच्या बैठकीवर उचलून घ्या. तो उपाय एकदाच करावा लागतो.

तिसरे, डास. हे औषध तर कधी कधी वरूनच सांगितले जाते की गटारात, डबक्यात जळके ऑईल टाका. तवंगाने डासांच्या अळ्या गुदमरतात, हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. पण पाऊस आला की ते गटार नाल्याला आणि नाला बंधाऱ्याला मिळतो. डबके बुजवा, गटार वाहते करा, आठवड्यातून एक दिवस रांजण-टाक्या कोरड्या करा, मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. डासही जातील आणि पाणीही राहील.

चौथे, अंगणातली धूळ बसवणे आणि चुलीत किंवा भट्टीत जाळणे. अंगणात टाकलेले ऑईल लेकरांच्या पायाला लागते आणि पहिल्या पावसात वाहून जाते. जाळले तर धातू आणि घातक धूर थेट छातीत. घरच्या चुलीवर हा प्रयोग कोणीही करू नये.

नांगराच्या फाळाला गंज लागू नये म्हणून बोटभर ऑईल फडक्याने पुसले, तर त्याने जग बुडणार नाही, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात. नाही बुडणार. पण त्या फडक्याला दोन चमचे नवे ऑईल लावले तर फाळही अधिक टिकेल आणि हातही खराब होणार नाही. प्रश्न दोन चमच्यांचा नाही, उरलेल्या आठ लिटरांचा आहे.

सांडल्याशिवाय ऑईल कसे काढावे

हे काम आपल्यापैकी निम्मे लोक घरीच करतात. तेव्हा रीत नीट सांगतो. ज्यांना येते त्यांनी चुकले तर सांगावे.

जागा विहीर, हाळ, झाडाचा बुंधा आणि कडब्याची गंज यांपासून दूर निवडा. सपाट आणि टणक हवी. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर जुने पोते अंथरा. इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद करा. कोमट ऑईल पातळ असते, सगळी घाण घेऊन निघते. उकळते नको, हात भाजतो. चावी काढून खिशात ठेवा, ब्रेक लावा, चाकाला दगड द्या.

खाली ठेवायला घमेले घेऊ नका. घमेले भरले की उचलताना सांडतेच. त्यापेक्षा ऑईलचाच वीस लिटरचा रिकामा कॅन घ्या, तो आडवा ठेवा आणि वरच्या रुंद बाजूला वीतभर चौकोनी खिडकी कापा. ऑईल खिडकीतून आत पडेल आणि नंतर कॅनच्या तोंडाने, नरसाळे लावून, सरळ साठवणीच्या कॅनमध्ये ओतता येईल. ट्रॅक्टरमधून सात-आठ लिटर निघते, पाच अश्वशक्तीच्या इंजिनातून तीन-साडेतीन, मोटारसायकलमधून एक लिटरच्या आसपास. भांडे त्याहून मोठे हवे, हे आधी पाहा.

वरचे ऑईल भरायचे झाकण सैल करा, म्हणजे धार एकसारखी येते. चेंबरचा नट बरोबर मापाच्या रिंग पान्याने सैल करा. चिमट्याने किंवा ढिल्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या वेळी तोच नट रडवतो. शेवटचे दोन आटे राहिले की पाना सोडा, हाताने फिरवा, आणि फिरवताना नट आत दाबून धरा. आटे सुटले हे बोटाला कळते. तेव्हा नट एकदम बाजूला घ्या. पहिली धार लांब पडते, म्हणून कॅन थोडा पुढे सरकवून ठेवलेला असावा. धार बारीक होत जाईल तसा तो मागे घ्या. वारा असेल तर धारेला आडोसा करा.

घाई करू नका. वीस-पंचवीस मिनिटे थेंब पडू द्या. तोवर फिल्टर काढा. फिल्टरमध्येही पाव-अर्धा लिटर ऑईल असते आणि बहुतेक सांडलवंड तिथेच होते. फिल्टर सैल करण्याआधी त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि पिशवीतच काढा. मग तो रात्रभर कॅनवर उलटा टांगून निथळू द्या. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने नवे ऑईल लावा आणि तो हाताने आवळा. जुने रबर इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, ते पाहा. नटाचा वॉशर दबलेला असेल तर बदला. दोन रुपयांच्या वॉशरपायी हंगामभर थेंब थेंब गळती होते.

साठवणीचा कॅन ऑईलचाच असावा, झाकण घट्ट बसणारे असावे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘जळके ऑईल’ लिहावे. पाण्याची बाटली किंवा गोडेतेलाचा डबा कधीही वापरू नये. लेकरू तहानले असते, ते अक्षरे वाचत नाही. औषध फवारणीचा रिकामा डबाही चालणार नाही. त्या कॅनमध्ये पाणी, डिझेल, रॉकेल, ब्रेक ऑईल, रेडिएटरचे पाणी, कीटकनाशक काहीही मिसळू नये. याचे कारण पुढे सांगतो.

हातात मोजे घाला, नसतील तर पिशव्या बांधा. हात साबणाने धुवा, डिझेलने किंवा पेट्रोलने नाही. त्याने कातडीचे संरक्षण जाते आणि घाण आत शिरते. या कामाचे कपडे वेगळे ठेवा. मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी सांगतो. ते कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका आणि विहिरीच्या काठावर धुऊ नका. धुण्याआधी निदान ऑईल पुसून घेणे हे ज्याने सांडले त्याचे काम आहे, तुमचे नाही.

सांडलेच तर आपली कवडी कामाची

एवढे करूनही थोडे सांडते. पाणी ओतून धुऊ नका, त्याने ते पसरते. राख, लाकडाचा भुसा, कोरडी माती टाकली तरी चालते. पण आपल्या घरात याहून चांगली वस्तू आहे. तिचे नाव कवडी. बाजारात जिला कोणी विचारत नाही तो कापूस.

सरकीवरच्या कच्च्या कापसाच्या धाग्यावर निसर्गाने मेणासारखा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे तो पाणी लवकर घेत नाही, पण तेल ओढून घेतो. दवाखान्यातला कापूस पाणी शोषतो, कारण त्यावरचे मेण काढलेले असते. २०१३ साली अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की कमी प्रतीचा, अपक्व धाग्याचा कच्चा कापूस आपल्या वजनाच्या तीसपटीहून अधिक खनिज तेल धरू शकतो. समुद्रात तेल सांडले तर ते गोळा करायला म्हणून त्यांनी हे तपासले. ज्या मालाला आपल्याकडे प्रत नाही म्हणून भाव नाही, तोच माल या कामात चांगल्या कापसाहून सरस ठरला.

म्हणून घरची ओंजळ-दोन ओंजळ कवडी एका पिशवीत भरून ट्रॅक्टरजवळ टांगून ठेवा. सांडले की दाबा, पिळून ऑईल कॅनमध्ये घ्या, पुन्हा दाबा. शेवटी तो कापूस आणि निथळलेला फिल्टर बंद डब्यात ठेवा आणि कॅनबरोबरच द्या. उकिरड्यावर टाकू नका, कारण उकिरड्याचे खत आपल्याच शेतात जाते.

ऑईल झिजत नाही, मळते

आता गोळा केलेल्या ऑईलचे करायचे काय? इथे खरा हिशेब सुरू होतो.

खनिज तेल इंजिनात झिजून संपत नाही. त्यातली औषधे संपतात आणि त्यात घाण साचते. मूळ तेल तसेच राहते. कारखान्यात त्यातले पाणी आणि डिझेल उडवून लावतात, हवा काढून घेतलेल्या भांड्यात तापवून तेलाची वाफ करतात, ती वाफ थंड करून पुन्हा स्वच्छ करतात आणि त्यापासून पुन्हा वंगण तयार होते. म्हणजे आपण खड्ड्यात ओततो तो कचरा नाही, कच्चा माल आहे.

धरू या की एका गावात वीस ट्रॅक्टर आहेत. वर्षाला तीन वेळा, दर वेळी आठ लिटर. झाले ४८० लिटर. दीडशे मोटारसायकली, वर्षातून दोनदा एक लिटर. झाले ३०० लिटर. दहा इंजिने धरा, ३५ लिटर. एकूण ८१५ लिटर. म्हणजे दोनशे लिटरची चार पिंपे भरून वर थोडे उरते. हे एका गावाचे. यातले किती आज ओढ्याला जाते आणि किती भंगारवाल्याच्या हातात त्याने सांगितलेल्या भावाने जाते, ते आपापल्या गावचे तुम्हीच सांगा.

आणि भंगारवाल्याकडून ते कुठे जाते? काही भट्ट्यांत जळते. काही नुसते गाळून, रंग देऊन, ओळखीच्या नावाच्या जुन्या कॅनमध्ये भरून पुन्हा बाजारात येते. आपण नव्याचे पैसे देऊन तेच आपल्या इंजिनात ओततो, आणि इंजिन बसले की मिस्त्रीला दोष देतो. म्हणून एक नियम करा. ऑईलचा रिकामा कॅन साठवणीला वापरायचा नसेल तर कापूनच विकायचा. झाकणासह साबूत कॅन भंगारात द्यायचा नाही.

सरकारचे नियम काय म्हणतात? घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ साली झाले. सध्याचे नियम २०१६ चे आहेत आणि वापरलेले ऑईल त्यात मोडते. १८ सप्टेंबर २०२३ ला त्यांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून नवी जबाबदारी लागू झाली. जो नवे ऑईल तयार करतो किंवा आयात करतो, त्याने दरवर्षी वाढत्या प्रमाणात जुन्या ऑईलचे शुद्धीकरण झाले हे दाखवून द्यायचे. गोळा करणाऱ्यांनी आणि शुद्ध करणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची. याचा आपल्यासाठी अर्थ साधा आहे. आपले जळके ऑईल आता त्यांना हवे आहे. ज्याला माल हवा आहे, त्याच्याशी भावाचे बोलता येते.

पण कोणाला? एकटा शेतकरी आठ लिटर घेऊन गेला तर त्याच्याशी कोण बोलणार? चार पिंपे असतील तर गाडी गावात येईल. आणि माल स्वच्छ हवा. कापसात ओलावा दाखवून कसा कट लावतात, हे तुम्हाला सांगायला नको. ऑईलमध्ये पाणी, रॉकेल किंवा औषध मिसळले तर तोच कट इथेही लागेल, आणि तेव्हा तो योग्य असेल. काहीही मिसळू नका म्हणालो, ते यासाठी.

करायचे काय

तीन गोष्टी ठरवून उठू या.

एक. प्रत्येक घरी एक कॅन, झाकणाचा, नाव लिहिलेला. मोटारसायकलचे ऑईल तालुक्याला बदलत असाल तर गॅरेजवाल्याला विचारा, काढलेले कुठे टाकतो. उत्तर ओढ्याकडे बोट दाखवून आले तर आपले एक लिटर आपण परत आणा.

दोन. प्रत्येक गावात एक लोखंडी पिंप. पत्र्याखाली, विटांच्या ओट्यावर, पाऊस लागणार नाही असे. ओट्याला चारी बाजूंनी वीतभर कठडा, म्हणजे गळाले तरी बाहेर जाणार नाही. विहीर, शाळा, गंजी यांपासून लांब. दोन जणांवर जबाबदारी, एक वही. कोणाचे किती लिटर ते वहीत लिहायचे आणि पैसे त्याच प्रमाणात वाटायचे. विकताना घेणाऱ्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि नोंदणी आहे का, हे कागद पाहून विचारायचे. दोघांना बोलवायचे आणि माप आपल्यासमोर करून घ्यायचे.

तीन. तालुक्याच्या ठिकाणी जे दुकानदार आणि एजन्सीवाले आपल्याला नवे ऑईल विकतात, त्यांच्याकडे एकत्र जायचे. आठशे लिटर नवे विकता, तर आठशे लिटर जुने परत घेण्याची सोय करा, एवढेच म्हणायचे. यात अनुदान मागायचे नाही की कर्ज मागायचे नाही. नियमाने ज्याच्यावर जी जबाबदारी टाकली आहे, ती त्याने पार पाडावी एवढेच.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही घेऊन यावे. किती लिटर जमले, काय भाव मिळाला, कोणी कागद दाखवले आणि कोणी टाळले, हे इथे सगळ्यांसमोर वाचू. ज्यांचे पिंप भरले नसेल त्यांनी अर्ध्या पिंपाची वही आणावी. रिकाम्या हाताने येऊ नये.

त्या कडुलिंबाखाली आम्ही आता ट्रॅक्टर उभा करत नाही. खड्ड्यातून उकरलेली माती प्लॅस्टिक अंथरलेल्या वाफ्यात शेण मिसळून, पत्र्याखाली, महिनोन्‌महिने वरखाली करत ठेवावी लागली. ऑईल ओतायला दर वेळी पाच मिनिटे लागायची. निस्तरायला दोन पावसाळे लागले. आजीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही आज हा अर्धा तास घेतला.

एवढे बोलून आम्ही थांबतो.